थ्रॉटल सेन्सर खरोखर गेला आहे का, हे मल्टिमीटरने कसे ठरवावे

संध्याकाळी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सरकवत असताना ती मध्येच झटका देते, क्षणभर मरगळते आणि लगेच उसळी घेते. तीच गाडी कात्रजचा जुना घाट उतरून खेड शिवापूरच्या मोकळ्या रस्त्याला लागली, की तक्रारीला जागा ठेवत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या मोटरसायकलमध्ये हे लक्षण दिसले, की गॅरेजमध्ये बहुधा एकच वाक्य ऐकू येते: ‘साहेब, थ्रॉटल सेन्सर गेला.’ हे निदान कधी कधी बरोबरही निघते. मात्र अनेक गाड्यांमध्ये हा सेन्सर सुटा मिळत नाही. तो पूर्ण थ्रॉटल बॉडीसह किंवा इतर सेन्सरांबरोबर एकाच संचात घ्यावा लागतो, आणि त्यामुळे केवळ अंदाजाने केलेले निदान हजारो रुपयांना पडते. प्रत्यक्ष मोजमापाला अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि त्यासाठी लागणारे डिजिटल मल्टिमीटर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाचशे ते हजार रुपयांत मिळते.

माझ्या दीडशे सीसीच्या गाडीची थ्रॉटल बॉडी एकदा अशाच अंदाजावर बदलली गेली होती. झटके जसेच्या तसे राहिले. पुढे टाकी उतरवून पाहिले, तेव्हा सेन्सरची एक वायर फ्रेमच्या नळीला घासून आतले तांबे उघडे पडलेले दिसले. जुनी थ्रॉटल बॉडी मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावरचा सेन्सर आजही मीटरवर निर्दोष आकडे दाखवतो. तेव्हापासून आकडा हाती आल्याशिवाय कोणताही भाग बदलायचा नाही, असा नियम मी पाळत आलो आहे, आणि पुढची सर्व पद्धत त्याच नियमावर बेतलेली आहे.

सेन्सरचे काम

इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत थ्रॉटल बॉडी असते आणि तिच्यात एक गोल बटरफ्लाय व्हॉल्व्ह फिरतो. आपण रेस देतो, तेव्हा केबल हा व्हॉल्व्ह उघडते. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या एका टोकाला थ्रॉटल पोझिशन सेन्सर बसवलेला असतो आणि व्हॉल्व्ह किती उघडला आहे, एवढेच तो ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, कळवतो. सर्वसाधारण सेन्सरची रचना जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी असते: कार्बनच्या पट्टीवरून एक पातळ धातूचा ब्रश सरकतो. पट्टीच्या एका टोकाला ईसीयूकडून ५ व्होल्ट मिळतात, दुसरे टोक ईसीयूच्याच अर्थला (म्हणजे ऋण बाजूला) जोडलेले असते, आणि ब्रश ज्या जागी असेल त्या जागेचा व्होल्टेज तिसऱ्या वायरने ईसीयूकडे परत जातो. थ्रॉटल बंद असताना हा आकडा साधारण ०.५ ते ०.८ व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण उघडल्यावर ४ व्होल्टच्या आगेमागे जातो. नेमके आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असल्यामुळे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच अखेरचा मानावा. काही नव्या गाड्यांत कार्बनच्या पट्टीऐवजी चुंबकावर चालणारा, घर्षण नसलेला सेन्सर असतो. त्याचाही सिग्नल असाच वाढत जातो, परंतु त्याचा रेझिस्टन्स मोजून काहीही कळत नाही.

सुरुवातीला सांगितलेले मरगळणे आणि उसळणे या रचनेतून कसे निर्माण होते, हे समजून घेतले तर पुढची तपासणी सोपी जाते. ईसीयू केवळ थ्रॉटल किती उघडा आहे एवढेच पाहत नाही. तो किती वेगाने उघडला किंवा मिटला, हेही पाहतो. झपकन उघडला तर तो थोडे जादा पेट्रोल देतो, आणि गाडी वेगात असताना पूर्ण मिटला तर पेट्रोल तोडतो. आता आपला हात स्थिर आहे, पण पट्टीवरच्या झिजलेल्या जागी ब्रशचा स्पर्श क्षणभर सुटला, असे समजा. सिग्नल एकदम खाली जातो, स्वाराने रेस सोडली असे ईसीयूला वाटते आणि पेट्रोल कमी होते. पुढच्या क्षणी स्पर्श पुन्हा जुळतो, स्वाराने जोरात रेस दिली असे वाटते आणि पेट्रोल वाढते. म्हणून सेन्सरचा खरा दोष बहुतेक वेळा हाताच्या एका ठरावीक स्थितीत, पुन्हा पुन्हा, त्याच जागी जाणवतो. पुण्याच्या वाहतुकीत हात बहुतांश वेळ थ्रॉटलच्या पहिल्या अगदी थोड्या भागातच घुटमळत असतो, त्यामुळे पट्टीही तिथेच अधिक झिजते. महामार्गावर तोच सेन्सर निरोगी वाटतो, कारण तिथे ब्रश पट्टीच्या कोऱ्या भागावर असतो.

मीटर काढण्यापूर्वी

या सेन्सरच्या लक्षणांशी मिळतीजुळती लक्षणे दाखवणारे अनेक दोष आहेत आणि त्यांतले बरेचसे फुकटात तपासता येतात. सर्वांत आधी रेसची केबल पाहावी. हँडलची मूठ फिरवल्यावर केबल ताणली जाण्यापूर्वी साधारण २ ते ६ मिलिमीटर मोकळी हालचाल असली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही मूठ सोडल्यावर ती झटकन परत आली पाहिजे. केबल आत गंजली असेल किंवा घट्ट बसवली असेल, तर थ्रॉटल पूर्ण मिटतच नाही आणि सेन्सर प्रामाणिकपणे ‘थोडा उघडा आहे’ असेच सांगत राहतो. स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग, वाढलेला राहणे या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

त्यानंतर चेन पाहावी. सैल चेन आणि मागच्या चाकाच्या हबमधले झिजलेले रबर कमी वेगात नेमके असेच झटके देतात, आणि हा फरक आसनावर बसून कळणे कठीण असते. बॅटरी काही तास स्थिर राहिल्यानंतर तिच्यावर १२.४ व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. अशक्त बॅटरीवर ईसीयू विचित्र वागतो आणि दोषांचे खोटे कोडही साठवतो. थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला चीर पडली असेल, तर त्या चिरेतून शिरणारी हवा कोणत्याही झडपेला दाद देत नाही. एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि पेट्रोलचा दाब यांचीही नोंद मनात ठेवावी. जोरात रेस दिल्यावर गाडी दम टाकते, परंतु हळू चालवल्यास शहाण्यासारखी वागते, असे असेल तर संशय सेन्सरपेक्षा पंप आणि फिल्टरवर अधिक घ्यावा.

थ्रॉटल बॉडीतला कार्बन हे चौकातल्या सिग्नलवर गाडी बंद पडण्याचे फार नेहमीचे कारण आहे. व्हॉल्व्हच्या कडेला साचलेला काळा थर हवेची वाट अडवतो आणि स्लो ढासळतो. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन हलक्या हाताने हा थर पुसता येतो. फवारा थेट आत मारला तर तो दांड्याच्या कडेने सेन्सरमध्ये शिरण्याची शक्यता असते. काही गाड्यांच्या थ्रॉटल बॉडीला आतून लेप दिलेला असतो आणि तो घासला गेल्यास झडप नीट मिटत नाही, म्हणून आपल्या गाडीत असा लेप आहे का, हे मॅन्युअलमध्ये आधी पाहून घ्यावे.

दिवा आणि कोड

गाडीच्या डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा लागलेला असेल, तर आधी ईसीयूने साठवलेला दोषाचा कोड वाचावा. अनेक जुन्या एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाड्यांत हा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून कोड सांगतो. होंडाच्या पद्धतीत थ्रॉटल सेन्सरसाठी ८ वेळा, तर यामाहाच्या पद्धतीत १५ हा कोड येतो. बीएस सहा या प्रदूषण-मानकाच्या बहुतेक गाड्यांना आसनाखाली डायग्नोस्टिक कपलर (वायरींचा जोड) असतो आणि त्याला लावलेल्या स्कॅनरवर पी ०१२२ किंवा पी ०१२३ असे कोड दिसतात. या दोहोंतला फरक कामाचा आहे. पी ०१२२ म्हणजे सिग्नल अपेक्षेपेक्षा फार खाली गेला आहे: ५ व्होल्टची वायर तुटलेली असू शकते किंवा सिग्नलची वायर कुठेतरी फ्रेमला टेकलेली असू शकते. पी ०१२३ म्हणजे सिग्नल फार वर गेला आहे: अर्थची वायर सुटलेली असू शकते किंवा सिग्नलची वायर ५ व्होल्टच्या वायरला चिकटलेली असू शकते. सेन्सर अर्थपासून तुटला, की पट्टीच्या दुसऱ्या टोकाचे ५ व्होल्ट थेट ब्रशवर दिसू लागतात, हे लक्षात घेतले तर हा नियम पाठ करावा लागत नाही.

कोड थ्रॉटल सेन्सरचा आहे म्हणजे सेन्सरच बदलावा, असा त्याचा अर्थ नाही. तक्रार त्या सर्किटची आहे, एवढेच कोड सांगतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सिग्नल ०.२ व्होल्टच्या खाली किंवा ४.८ व्होल्टच्या वर गेला, की साधारणपणे ईसीयू दिवा लावतो. मधल्या पट्ट्यात मात्र सिग्नल चुकीचा असला किंवा निमिषभर दचकला, तरी अनेक ईसीयू त्याकडे दुर्लक्ष करतात. दिवा लागला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही, आणि ज्या गाड्या लोकांना सर्वांत जास्त छळतात त्या याच मधल्या पट्ट्यातल्या असतात. दिवा लागलेला असूनही गाडी चालते, याचेही आश्चर्य वाटू नये; सेन्सरचा भरवसा उरला नाही, की ईसीयू एक ठरावीक आकडा गृहीत धरतो, हवेच्या दाबाच्या सेन्सरवर विसंबतो आणि पिकअप गमावून का होईना, आपल्याला घरी पोहोचवतो.

पुण्यातल्या गॅरेजांविषयी तक्रार करण्याआधी थोडा इतिहास ध्यानात घेणे न्याय्य ठरेल. हिरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ मध्ये आली आणि पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर २२० इंजेक्शनसह २००७ मध्ये आणली, पण २००९ मध्ये तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटरवर गेली. इंजेक्शन सरसकट आले ते १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा लागू झाल्यानंतर. म्हणजे कानाने इंजिन ऐकून आणि स्क्रूचा अर्धा पिळा फिरवून गाडी दुरुस्त करणाऱ्या कुशल हातांना मीटर हाती घेण्याची गरज गेल्या काही वर्षांतच भासू लागली आहे.

प्रत्यक्ष मोजमाप

गाडी मुख्य स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर, हवेशीर जागी उभी करावी. बहुतेक गाड्यांत सेन्सरच्या कपलरपर्यंत पोहोचण्यासाठी आसन आणि बाजूची कव्हरे काढावी लागतात. काहींमध्ये टाकीही उचलावी लागते. टाकी हलवण्यापूर्वी पेट्रोलच्या नळीतला दाब मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने कमी करावा आणि त्या वेळी आसपास ठिणगी उडेल असे काहीही नसावे. थ्रॉटल बॉडीवर दोन-तीन कपलर असतात. आपल्याला हवा असलेला सेन्सर दांड्याच्या रेषेत, टोकाला बसवलेला असतो. तीन वायरींचा कपलर दिसला तर काम सरळ आहे. पाच वायरी दिसल्या, तर तो हवेचा दाब, हवेचे तापमान आणि थ्रॉटल या तिन्हींचा एकत्र संच असण्याची शक्यता आहे, आणि तिथे वायरिंग डायग्रॅमशिवाय पुढे जाऊ नये. वायरींचे रंग कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे एका गाडीचे रंग दुसऱ्या गाडीला लावणे धोक्याचे असते.

कपलर काढण्यापूर्वी तो जागेवर असतानाच पाहावा. तो पूर्ण आत बसलेला आहे का, खटका लागलेला आहे का, मागचे रबरी सील जागेवर आहे का, हे बघावे. मग इग्निशन बंद करून तो खटका दाबून काढावा. वायर धरून ओढू नये. आत हिरवट किंवा पांढरा थर दिसला, तर बहुधा आपला चोर तिथेच सापडला. पुण्याचा पावसाळा जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकून असतो, आणि त्यात वॉशिंग सेंटरवर प्रेशरचे पाणी थेट आसनाखाली मारले जाते. कपलरमध्ये शिरलेला एखादा थेंब तांब्याच्या पिनांना आठवड्याभरात रंग चढवतो. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि सैल झालेली पिन बारीक टोकाने किंचित आवळावी. ग्रीस लावायचे असेल तर ते वीज न वाहणारे सिलिकॉन ग्रीस असावे आणि तेही सीलवर, पिनांवर थापून नव्हे. एवढे करून कपलर परत बसवल्यावर गाडी सुधारली, तरी पुढची मोजणी टाळू नये, कारण खराब पिन केवळ हलवल्याने चार दिवस बरी वाटते.

मोजण्यासाठी कपलर जोडलेलाच ठेवावा आणि मीटरच्या टोकांना बारीक टाचण्या जोडून त्या कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने आत सरकवाव्यात. वायरीच्या वेष्टनाला टोचून भोक पाडण्याची सवय सोडावी. त्या भोकातून पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी नवीन दोष जन्माला येतो. बल्बचा टेस्टर ईसीयूच्या वायरींना कधीही लावू नये. तो ओढतो तेवढा करंट या सर्किटांना झेपत नाही. गाडी वॉरंटीत असेल, तर इथेच थांबून सर्व्हिस सेंटरकडे लेखी तक्रार द्यावी.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून इग्निशन चालू करावे, इंजिन सुरू करू नये. पहिली मोजणी ५ व्होल्टच्या आणि सेन्सरच्या अर्थच्या वायरीत करावी. साधारण ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दुसरी मोजणी सेन्सरची अर्थ आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यात करावी. इथे जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. ०.१ व्होल्टच्या वर आकडा असेल, तर अर्थच्या वाटेत कुठेतरी गंज किंवा सैलपणा आहे आणि तो ईसीयूला दिसणारे सेन्सरचे आकडे वर ढकलू शकतो. ही दुसरी मोजणी फारसे कोणी करत नाही. माझ्या मते ती पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे.

आता मीटरचे काळे टोक सेन्सरच्या अर्थवर आणि लाल टोक सिग्नलवर ठेवावे. थ्रॉटल पूर्ण बंद असतानाचा आकडा कागदावर लिहावा. पूर्ण उघडून तोही लिहावा. त्यानंतर मूठ इतकी सावकाश फिरवावी, की बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत दहा-पंधरा सेकंद लागतील, आणि आकड्याकडे पाहत राहावे. तो न थांबता, न घसरता चढत गेला पाहिजे. परत मिटतानाही तितक्याच सलगपणे उतरला पाहिजे आणि शेवटी पहिल्याच आकड्यावर आला पाहिजे. एखाद्या गाडीत ०.६२ वरून सुरू झालेला आकडा ०.९१ पर्यंत चढतो, एकदम ०.३० वर पडतो आणि पुन्हा ०.९५ वर उगवतो. असे त्याच जागी तीनदा घडले, तर सेन्सरची पट्टी झिजली आहे, यात शंका उरत नाही.

इथे डिजिटल मीटरची एक मर्यादा सांगितली पाहिजे. स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलते, आणि सेन्सरचा दचका त्याहून कितीतरी कमी काळाचा असू शकतो. मीटरला किमान-कमाल नोंदवण्याची सोय असेल तर ती वापरावी, तरीही फार छोटा दचका निसटू शकतो. अशा वेळी जुने काट्याचे मीटर फार उपयोगी पडते. काटा थरथरलेला डोळ्यांना लगेच दिसतो. काटा नसेल, तर हालचाल आणखी सावकाश करावी आणि पहिल्या एक-दशांश भागावर, म्हणजे शहरात हात जिथे असतो त्या भागावर, पाच-सहा वेळा मागेपुढे जावे. एकाने मूठ फिरवावी आणि दुसऱ्याने मीटर पाहावे हे उत्तम. घरातल्या कोणालाही या कामाला बसवता येते.

आकडा सलग चढला म्हणजे तपासणी संपली, असे नाही. थ्रॉटल एका जागी धरून कपलर हलवावा, मग वायरींचा गुच्छ थोडाथोडा दाबत आणि वाकवत टाकीखाली ईसीयूच्या दिशेने जावे. हालचाल हाताची नसून वायरीची असताना आकडा उडाला, तर दोष सेन्सरचा नाही. गुच्छ फ्रेमवर टेकतो त्या जागा, प्लॅस्टिकच्या क्लिपांच्या कडा आणि इंजिनाच्या उष्णतेजवळून जाणारे भाग विशेष बारकाईने पाहावेत. सोसायटीच्या तळमजल्यावर गाडी उभी राहत असेल, तर उंदरांचे दातही विसरू नयेत. त्यांना आसनाखालची ऊब फार आवडते. काही दोष गाडी तापल्यावरच प्रकटतात. त्यासाठी केस वाळवण्याच्या यंत्राने सेन्सरला दोन-तीन मिनिटे दुरून ऊब द्यावी आणि सावकाश फिरवण्याची तीच कसोटी पुन्हा घ्यावी. थंड सेन्सर उत्तीर्ण आणि तापलेला नापास, असा निकाल अनेकदा लागतो.

५ व्होल्ट मिळतच नसतील तर

ही अवस्था गोंधळात टाकणारी असते आणि इथेच ईसीयू बदलण्याची महागडी सूचना पुढे येते. अनेक गाड्यांत थ्रॉटलचा आणि हवेच्या दाबाचा सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. दुसरा सेन्सर आत शॉर्ट झाला, तर दोघांचाही पुरवठा खाली बसतो आणि कोड मात्र थ्रॉटलचाही दिसतो. म्हणून ५ व्होल्टच्या वायरीवर मीटर ठेवून त्या पुरवठ्यावरचे सेन्सर एकेक करून काढावेत. दर वेळी इग्निशन बंद करून कपलर काढावा आणि पुन्हा चालू करून आकडा पाहावा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर गुन्हेगार तोच. सगळे काढूनही पुरवठा आला नाही, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, ईसीयूचा कपलर सोडवावा आणि मीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या कपलरपासून ईसीयूच्या कपलरपर्यंत प्रत्येक वायर मोजावी. चांगल्या वायरीचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आत असतो. त्याच वेळी प्रत्येक वायर फ्रेमला टेकत नाही ना, हेही पाहावे; सेन्सरची अर्थ त्यातून वगळावी. वायरी शाबूत आहेत, ईसीयूला स्वतःचा १२ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थ नीट मिळत आहे, तरीही ५ व्होल्ट येत नाहीत, असे सिद्ध झाल्यानंतरच ईसीयूवर बोट ठेवावे.

सेन्सरचा रेझिस्टन्स मोजण्याची पद्धत कार्बनच्या पट्टीच्या सेन्सरपुरतीच आहे आणि तिला दुय्यम मानावे. कपलर काढून, इग्निशन बंद असताना, पट्टीच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स थ्रॉटल फिरवला तरी बदलू नये, आणि एक टोक ते ब्रश हा रेझिस्टन्स सलग बदलत जावा. अपेक्षित किलोओहम मॅन्युअलमध्ये मिळतात. व्होल्टेजची कसोटी नीट घेतली असेल, तर हिच्यातून सहसा नवे काही हाती लागत नाही.

केबल नसलेल्या गाड्या

चाकणमध्ये तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाड्यांत २०१७ पासून मूठ आणि झडप यांच्यात केबलच नसते. मुठीची स्थिती एक सेन्सर वाचतो आणि मोटर झडप उघडते. अशा गाड्यांत दोन-दोन सिग्नल एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि ते जुळले नाहीत, की ईसीयू शक्ती कमी करतो. मुठीकडची वायर हँडलपाशी सतत वाकत असल्यामुळे तिथला भाग डोळ्यांनी तपासणे योग्य आहे. पण इग्निशन चालू असताना झडप बोटाने ढकलणे, सिग्नलच्या वायरींशी खेळणे किंवा सेन्सर सैल करणे या गोष्टी इथे पूर्ण वर्ज्य समजाव्यात. स्कॅनरवर दोन्ही सिग्नल शेजारी शेजारी पाहणे, हाच तिथला सुरक्षित मार्ग आहे.

दोष सापडल्यानंतर

वायर दोषी निघाली, तर पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळू नये. सोल्डर करून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि गुच्छ पुन्हा फ्रेमला घासणार नाही असा बांधावा. सेन्सर दोषी निघाला, तर आपल्या मॉडेलला तो सुटा मिळतो का, याची अधिकृत सुट्या भागांच्या यादीतून खात्री करून मगच नाना पेठेत चौकशीला जावे, आणि जुन्या भागावरचा क्रमांक सोबत न्यावा. बाहेरून सारखा दिसणारा सेन्सर वेगळ्या आकड्यावर सुरू होणारा असू शकतो.

सेन्सरच्या स्क्रूंना लांबट खाचा असतील, तर तो किंचित फिरवून बसवता येतो. जुना काढण्यापूर्वी त्याच्या कडेने थ्रॉटल बॉडीवर बारीक खूण करावी आणि नवा बसवताना मीटर लावून बंद थ्रॉटलचा आकडा मॅन्युअलप्रमाणे आणावा. स्क्रूंवर कंपनीने रंग लावलेला असेल, तर ते न सोडण्याची ती सूचना आहे. थ्रॉटल किती मिटावा हे ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूलाही हात लावू नये. स्लो वाढवण्यासाठी तो फिरवलेल्या गाड्यांत बंद थ्रॉटलचा आकडाच सरकतो, थ्रॉटल मिटला आहे हे ईसीयूला ओळखता येत नाही आणि एका दोषाचे दोन होतात. बसवल्यानंतर काही गाड्यांना बंद स्थिती नव्याने शिकवावी लागते. ही पद्धत प्रत्येक कंपनीची निराळी असून कुठे ती इग्निशनच्या ठरावीक क्रमाने होते, तर कुठे केवळ स्कॅनरने. साठलेला कोडही पुसावा, नाहीतर जुनाच कोड वाचून पुढचा मेकॅनिक पुन्हा सेन्सरकडे वळतो.

शेवटची परीक्षा दोष जिथे दिसत होता तिथेच घ्यावी. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट पळाली, याला अर्थ नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, हात स्थिर ठेवून, गर्दीच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे चालवावी. घरी आल्यावर ५ व्होल्टचा, अर्थचा, बंद थ्रॉटलचा आणि पूर्ण उघड्या थ्रॉटलचा असे चारही आकडे तारीख आणि किलोमीटरसह एका चिठ्ठीवर लिहून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत आसनाखाली ठेवावी. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा झटका आला, तर पहिली तुलना त्या चिठ्ठीशीच करायची आहे.